शंभराला एक खडा

आमच्या अंगणात कडुलिंबाखाली दोन लोखंडी पाईप आहेत. एकमेकांना समांतर, मधे एक माणूस मावेल एवढं अंतर, कमरेइतके उंच, बारा फूट लांब. नवखा माणूस विचारतो, गुरं बांधायची जागा का? गल्लीतली जुनी माणसं सांगतात, तो नानांचा रस्ता. १९९४च्या पावसाळ्यात माझ्या वडिलांच्या अंगावरून वारं गेलं, लकवा झाला, आणि पुढे चौदा महिने ते या बारा फुटांत चालले.

मी शहाद्याच्या एका शाळेत तेहतीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. हजारो मुलांकडून लेझीम, मल्लखांब, सूर्यनमस्कार करून घेतले. पण स्वतःच्या बापाला खाटेवरून कसं उठवायचं, हे मला येत नव्हतं. ती बोच राहिली. निवृत्तीनंतर मी या आजारी माणसाच्या कवायतीचा माग काढत बसलो: ती कुठून आली, कुणी शोधली, आपल्याकडे कशी पोचली आणि पोचता पोचता कुठे अडली.

नाना तालमीतले. गोमाईकाठी आमची काळी जमीन, कापूस आणि केळी. पहाटे तालीम, मग शेत. तालमीत मेहनत मोजायची रीत खड्यांची होती. शंभर बैठका झाल्या की एक खडा उजवीकडून डावीकडे सरकवायचा. जोरांचे खडे वेगळे, सपाट्यांचे वेगळे. वस्ताद पोरांना आकडा विचारत नसत, खडे बघत. नाना सांगायचे, माणूस खोटं बोलेल, खडा बोलणार नाही. हौद्यातल्या कुस्तीपेक्षा या खड्यांचंच त्यांना अधिक कौतुक होतं, असं मला वाटतं. चैत्रातल्या जत्रांमधून जिंकलेले फेटे त्यांनी वाटून टाकले, पण खड्यांची पिशवी देवळीत जपून ठेवली.

त्या सकाळी ते बैलांना पेंड घालत होते. उजव्या हातातली पाटी सुटली, तोंड वाकडं झालं, शब्द जिभेवर अडकले. मेंदूच्या डाव्या भागातला रक्तपुरवठा बंद झाला, की उजवं अंग जातं आणि पुष्कळांची वाचाही अडते. आज अशा रोग्याला साडेचार तासांच्या आत मोठ्या दवाखान्यात नेलं, तर गुठळी विरघळवणारं औषध देता येतं. तेव्हा आमच्या भागात ते कुणाच्या कानावरही आलेलं नव्हतं. आठ दिवसांनी नानांना घरी आणलं, तेव्हा निरोप मिळाला तो एवढाच: आराम द्या, तेल लावा.

आम्ही आराम दिला. दोन महिने दिला. माय सकाळ-संध्याकाळ तेल चोळायची. भेटायला येणारा प्रत्येक जण एक उपाय ठेवून जायचा. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. कुणी राजस्थानातल्या बुटाटीला न्या म्हणालं. लकव्याचे रोगी तिथे सात दिवस राहतात आणि देवळाला फेऱ्या घालतात. त्या फेऱ्यांचा विचार मी पुढे पुष्कळ केला. जो माणूस घरी खाटेवरून हलत नाही, त्याला तिथे चार माणसं धरून रोज चालवतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने पाहावा. त्या चालण्याला मात्र मी कधी नाव ठेवणार नाही.

आमच्याकडून एक चूक झाली, ती सांगतो, म्हणजे दुसऱ्या घरात होणार नाही. विहिरीची जुनी कप्पी मी आढ्याला टांगली, दोर ओवला, आणि नानांचा लुळा हात त्यांच्या चांगल्या हाताने वर ओढायला लावला. मला वाटलं, व्यायाम होतोय. पण लुळ्या खांद्याला धरून ठेवणारे स्नायूच सैल पडलेले असतात. असा हात वर ओढला, की सांधा दुखावतो. नानांचा खांदा सुजला, दुखू लागला, आणि मग ते कुणाला हात लावू देईनात. लुळ्या बाजूचा हात धरून रोग्याला उठवणंही तितकंच वाईट.

शेवटी एसटीने धुळे गाठलं. तिथे एक फिजिओथेरपिस्ट बाई होत्या, वयाने माझ्याहून लहान, पण आम्ही त्यांना ताई म्हणायला लागलो. त्यांनी नानांना तपासण्याआधी मला विचारलं, "दिवसातून किती वेळा उभं करता?" मी म्हणालो, संडासला नेताना, दोनदा. त्या काही बोलल्या नाहीत. एक उंच स्टूल आणलं, नानांना त्यावर बसवलं, पाय मागे घ्यायला लावले, नाक गुडघ्यांच्या पुढे न्यायला सांगितलं आणि त्यांचा आजारी गुडघा स्वतःच्या गुडघ्याने अडवून म्हणाल्या, "नाना, उठा." नाना उठले, बसले, पुन्हा उठले. चार वेळा. चौथ्या वेळी कपाळावर घाम आला. दोन महिन्यांत पहिल्यांदा आला.

घरी करायची रीत त्यांनी सांगितली. खाटेच्या चारही पायांखाली तीन-तीन विटा ठेवायच्या, कारण उंचावरून उठायला कमी जोर लागतो. दिवसात पन्नास वेळा सहज जमू लागलं, की एकेक वीट काढायची. परतीच्या एसटीत नानांनी डाव्या हाताने माझी बाही ओढली, मूठ उघडली, बोटं चोळून दाखवली. मला कळेना. घरी आल्यावर त्यांनी देवळीकडे बोट केलं. खडे हवे होते. खाटेवरून उठणं आणि बसणं म्हणजे बैठकच की, हे त्यांनी ओळखलं होतं. मी मास्तर असून ओळखलं नव्हतं. आता शंभराला नाही, दहाला एक खडा. बोलता येत नव्हतं, पण डाव्या हाताने ते खडा सरकवत. शेजारचे जिभाऊ कुंपणावरून विचारत, "कितला व्हयनात?" आणि नाना खडे दाखवत.

तिसऱ्या महिन्यात शेवटची वीट निघाली. मग पाईप आले.

या खड्यांच्या धाग्याने मागे जायला लागलो, तर पहिली गाठ मल्लखांबाशी पडते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले बाळंभटदादा देवधर हे मल्लखांबाचे आद्य गुरू. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्याला आले, आणि त्यांच्याशी लढण्याआधी बाळंभटदादांनी वणीच्या सप्तशृंगीची उपासना केली, तिच्या कृपेने मारुतीने त्यांना लाकडी खांबावरची मेहनत दाखवली, अशी कथा आहे. चैत्रात आमच्या खानदेशातून हजारो माणसं पायी त्याच गडावर जातात, म्हणून मला ही कथा जवळची वाटते. त्यातून एक गोष्ट कळते. जोडीदार नसला, तरी खांबाशी कुस्ती करता येते, एकच पकड शेकडो वेळा घटवता येते. अंगाला वळण लागतं ते घटवण्याने, हे आपल्या तालमीला दोनशे वर्षांपूर्वी पक्कं ठाऊक होतं. पण तालमीचं दार धडधाकटासाठी होतं. ज्याचं अंग गेलं, त्याला तालमीने कट्ट्यावर बसवलं.

अपवाद बडोद्यात सापडतो. आमच्या भागाचं निम्मं तोंड गुजरातकडे, त्यामुळे बडोदा आम्हाला परकं नाही. जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न माणिकराव हे संघव्यायामाचे आणि शस्त्रविद्येचे मोठे आचार्य. मोडलेलं, निखळलेलं, आखडलेलं अंग घेऊनही लोक त्यांच्याकडे जात. हाड बसवल्यावर ते अंग पुन्हा कामाला कसं लावायचं, हे व्यायामशाळेतला माणूस पाहत होता. माणिकरावांचे एक शिष्य जगन्नाथ गणेश गुणे खानदेशात आले, अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढे त्यांना सारा देश स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागला. आसनं आणि क्रिया करताना शरीराच्या आत नेमकं काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरणं आणि दाबमापक यंत्रं लावून तपासलं, आणि १९२४मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभारलं. व्यायाम हा मोजून, तपासून, रोग्याला द्यायचा उपचार होऊ शकतो, हा विचार मराठी मुलखात तिथे रुजला. अमळनेर शहाद्यापासून काही तासांच्या अंतरावर, आणि तरी १९९४ साली हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

युरोपात हीच गोष्ट एका परीक्षेतून निघाली. स्वित्झर्लंडमधल्या हायडन गावी हाइनरिश फ्रेंकेल नावाचे डॉक्टर होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काळात त्यांनी मज्जारज्जूच्या आजाराच्या एका रोग्याला डोळे मिटून बोट नाकाला लावायला सांगितलं. त्याला जमलं नाही. हात भलतीकडे जात होता. काही महिन्यांनी तोच रोगी परत आला, आणि बोट बरोबर नाकाला लागलं. फ्रेंकेल चकित झाले, कारण रोग तर तसाच होता. रोगी म्हणाला, मला तुमच्या परीक्षेत पास व्हायचं होतं, म्हणून घरी सराव केला. शिक्षकाला याहून सुंदर गोष्ट कोणती वाटेल? फ्रेंकेलनी तिच्यावरून व्यायामांची पद्धतशीर माळ बसवली. जमिनीवर पावलांच्या खुणा काढायच्या आणि तोल जाणाऱ्या माणसाने त्या खुणांवर, आकडे मोजत, पाऊल टाकायचं. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना फ्रेंकेलचे व्यायाम अजून शिकवले जातात. धुळ्याच्या ताईंनी आमच्या पाईपांच्या मधे चुन्याने पावलं काढून घेतली, ती त्याच वंशातली.

पण डॉक्टरांच्या जगात आरामाचा पगडा फार मोठा होता, आणि तो पोलिओच्या साथींनी मोडला. पोलिओत पाय गेलेल्या मुलाला तेव्हा महिनोन्‌महिने फळ्यांना, प्लास्टरला बांधून ठेवत. ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ केनी या परिचारिकेने उलट केलं. तिच्याकडे रीतसर परिचारिकेचं प्रमाणपत्रही नव्हतं. १९११च्या सुमारास क्वीन्सलँडच्या एकाकी वस्त्यांत तिने पहिले रोगी हाताळले: ओल्या गरम लोकरीच्या पट्ट्यांनी शेक द्यायचा, फळ्या काढायच्या आणि स्नायू हलवत राहायचे. १९४०मध्ये ती अमेरिकेत मिनियापोलिसला गेली, तेव्हा कुठे डॉक्टर ऐकू लागले. रोगाबद्दलची तिची मीमांसा पुष्कळांना पटली नाही, आणि ती सगळी बरोबर नव्हतीच. हलवायचं, बांधायचं नाही, एवढं मात्र टिकलं.

महाराष्ट्रात हे आणलं एका आईने. फातिमा इस्माईल या स्वातंत्र्यचळवळीतल्या कार्यकर्त्या. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. ती चालणार नाही, असं सांगण्यात आलं. मद्रासचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे त्यांनी मुलीवर उपचार करून घेतले, व्यायाम शिकून घेतले, आणि मुलगी पायावर उभी राहिली. मग त्यांनी स्वतःच्या मुलीपुरतं न पाहता १९४७मध्ये मुंबईत पोलिओ झालेल्या मुलांसाठी दवाखाना काढला. डॉ. बाळिगा यांनी त्यासाठी आपली जागा दिली. त्यातून अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था आणि पुढे हाजीअलीचं मुलांचं अस्थिव्यंग रुग्णालय उभं राहिलं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू झालं, आणि १९५५मध्ये हाजीअलीलाच केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आली. देशातल्या फिजिओथेरपिस्टांच्या पहिल्या तुकड्या मुंबईत तयार झाल्या, त्यामागे पोलिओची पोरं होती.

आमच्या घरातला एक त्या हाजीअलीला जाऊन आला होता. माझा चुलतभाऊ. साल १९६९. ताप आला, गावातल्या एका दवाखान्यात सुई टोचली, दोन दिवसांत पाय लोंबू लागला. पोलिओच्या तापात दिलेली सुई पाय जायचा धोका वाढवते, हे आम्हाला फार नंतर कळलं. काका त्याला खांद्यावर घेऊन निघाले: शहाद्याहून एसटीने नंदुरबार, तिथून तापी लाइनच्या गाडीने सुरत, सुरतेहून मुंबई. दोन खेपा केल्या. पायाला कॅलिपर मिळालं आणि काकांना व्यायामांची चित्रं काढलेला कागद मिळाला. तो कागद मी लहानपणी पाहिलाय. घड्यांवर फाटलेला, हळदीचे डाग पडलेला. कॅलिपर वर्षभरात तोकडं झालं. मूल वाढतं, लोखंड वाढत नाही. तिसऱ्या खेपेला पैसे नव्हते. भाऊ आयुष्यभर गुडघ्यावर हात दाबून चालला. १३ जानेवारी २०११ हा आपल्या देशातल्या शेवटच्या पोलिओ रोग्याचा दिवस, आणि मार्च २०१४मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. ती बातमी त्याने मला फोन करून वाचून दाखवली.

कण्याला मार लागून कमरेखालचं अंग गेलेल्या माणसाची कथा वेगळी. त्याला दुसऱ्या महायुद्धापर्यंत कुणी वाली नव्हता. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने तो थोड्याच काळात मरे. नाझी जर्मनीतून जीव वाचवून इंग्लंडला आलेले डॉ. लुडविग गुटमन यांच्याकडे फेब्रुवारी १९४४मध्ये स्टोक मँडेव्हिलचा विभाग आला. दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि मग काम करायला लावायचं, खेळायला लावायचं. २९ जुलै १९४८ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी चाकाच्या खुर्चीवरच्या सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. पॅरालिंपिकचं मूळ ते.

त्या रेषेच्या टोकाला आपला सांगली जिल्ह्यातला माणूस उभा आहे. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक कण्यात अडकली, कमरेखालचं अंग गेलं. नौदलाच्या रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पाण्यात सोडलं, आणि १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, तेही विश्वविक्रमासह. भारताचं पॅरालिंपिकमधलं हे पहिलं सुवर्ण. दोन वर्षांनी, १९७४मध्ये, पुण्याजवळ खडकीला कंबरेखाली पांगळ्या झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र निघालं. मी निवृत्त होईपर्यंत माझ्या शाळेतल्या एकाही मुलाला पेटकरांचं नाव माहीत नव्हतं, आणि त्यात दोष माझा आहे. पद्मश्री त्यांना २०१८मध्ये मिळाली, सुवर्णपदकानंतर शेहेचाळीस वर्षांनी.

इथेच कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं नाव घेतलं पाहिजे. कॉलेजच्या वयात त्यांचे पाय गेले. त्यांनी हेल्पर्स ऑफ दी हँडिकॅप्ड संस्था उभी केली आणि 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र लिहिलं. व्यायामाचं वेड लागलेल्या माझ्यासारख्याला त्यांनी एक गोष्ट शिकवली. हालचाल म्हणजे फक्त चालणं नव्हे. ज्याचा मज्जारज्जू तुटला आहे, त्याला चाललास तरच जिंकलास असं म्हणत राहणं हा अन्याय आहे. त्याने खांदे आणि दंड कमवावेत, खुर्चीतून खाटेवर स्वतः जावं, आणि गावाने उतार बांधावा. पन्नास बैठकांनी प्रत्येक पाय परत येतो, असं मी कुणालाही सांगत नाही.

मग मेहनतीने नेमकं होतं काय? मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. पण शेजारचा भाग त्याचं काम शिकू शकतो, आणि तो शिकतो पुन्हापुन्हा करण्याने. माकडांवर आणि उंदरांवर प्रयोग करणारे शास्त्रज्ञ एका बैठकीत त्यांच्याकडून एकच हालचाल शेकडो वेळा करून घेत. माणसांचं काय चाललंय, हे अमेरिका-कॅनडातल्या संशोधकांनी २००९मध्ये मोजलं. लकव्याच्या रोग्याकडून उपचाराच्या एका बैठकीत हाताची कामाची हालचाल सरासरी ३२ वेळा करून घेतली जात होती. बत्तीस! नाना तालमीत हातपाय मोकळे करायला एवढं करत. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत रोग्याचा चांगला हात मोज्यात अडकवून ठेवला आणि दुबळ्या हाताकडून दोन आठवडे, दिवसाला सहा तासांपर्यंत काम करून घेतलं. ज्यांच्या बोटांत थोडी तरी हालचाल शिल्लक होती, त्यांचा हात सुधारला आणि वर्षभरानंतरही ती सुधारणा टिकली. तालमीचं खड्यांचं शास्त्र प्रयोगशाळेतून परत आलं होतं.

तीन चाचण्या मात्र मी माझ्या वहीत लाल शाईने लिहून ठेवल्या आहेत, कारण त्या माझ्यासारख्या उत्साही माणसाचे कान धरतात. पहिली २०१५ची, २१०४ रोग्यांवरची. लकव्याचा झटका आल्यावर चोवीस तासांच्या आत रोग्याला जोरात, वारंवार उठवायला लागलं, तर फायदा होण्याऐवजी तोटा झाला. सुरुवातीचे दिवस डॉक्टरांचे आहेत, वस्तादाचे नव्हेत. दुसरी २०११ची, ४०८ रोग्यांवरची. दोरांनी टांगून यंत्राच्या पट्ट्यावर चालवण्याचा महागडा उपचार एका बाजूला, आणि फिजिओथेरपिस्टने घरी येऊन करून घेतलेला व्यायाम दुसऱ्या बाजूला. वर्षअखेर दोन्ही सारखेच निघाले. तिसरी आपल्या देशातली, २०१७ची, १४ रुग्णालयांतल्या १२५० रोग्यांची. घरच्या माणसांना थोडं शिकवून व्यायाम त्यांच्यावर सोपवला, तर काय होतं? काहीच फरक पडला नाही.

या दुसऱ्या आणि तिसऱ्या चाचणीवर मी फार वेळ थांबलो. यंत्र नसलं, तरी चालतं. पण जाणता माणूस नसला, तर घरच्यांच्या मायेने भागत नाही. माझ्या कप्पीने मला हेच शिकवलं होतं. नाना चालले, ते माझ्यामुळे नव्हे. धुळ्याच्या ताई सुरुवातीला दर पंधरवड्याला तपासायच्या, व्यायाम बदलायच्या, खाटेच्या विटांचा हिशेब घ्यायच्या, चूक दिसली की रागवायच्या. वस्ताद त्या होत्या. आम्ही खडे मोजणारे.

आता शहाद्यापुरतं बोलतो. आज गावात फिजिओथेरपीचे दवाखाने आहेत, नंदुरबारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१३मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते. माझ्या चुलतभावाच्या काळापेक्षा हे कितीतरी बरं. अडतं ते पुढे. आमच्या उत्तरेला सातपुडा आहे, आणि तिथल्या भिल्ल-पावरा पाड्यांमध्ये सिकलसेल आहे. या आजारात कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशी मेंदूची वाहिनी बंद पाडू शकतात आणि सहा-सात वर्षांच्या लेकरालाही लकवा होऊ शकतो. म्हाताऱ्यांचा समजला जाणारा आजार तिथे दप्तर घेऊन फिरतो. अशा लेकराचे रक्ताचे उपचार चालूच राहिले पाहिजेत, आणि त्याच्या हातापायांना रोजची मेहनत मिळाली पाहिजे, कारण लहान मेंदू लवकर शिकतो. पण धडगावकडून घाट उतरून शहाद्याला यायचं, म्हणजे आईची दिवसाची मजुरी बुडते. दिवाळीनंतर घरदार ऊसतोडीला गुजरातेत जातं, आणि पोराचा व्यायाम तिथेच थांबतो. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलसह २१ प्रकार आले. दाखला मिळतो. दाखल्याने हात उघडत नाही.

यावर फार लांबचे लोक फार साध्या गोष्टी करून गेले आहेत. मेक्सिकोच्या डोंगरातल्या आहोया गावात अपंग गावकऱ्यांनीच पुनर्वसनाचं केंद्र चालवलं. त्यांच्यासोबत राहिलेल्या डेव्हिड वर्नर यांनी १९८७मध्ये खेड्यातल्या अपंग मुलांवर एक मोठा चित्रमय ग्रंथ लिहिला. चालायला शिकवणाऱ्या काठ्या जंगलातल्या लाकडांच्या, बसायच्या खुर्च्या टाकाऊ वस्तूंच्या. सातपुड्यात बांबूला काय तोटा! दोन बांबू जमिनीला समांतर बांधले, की झाला रस्ता. कमतरता बांबूची नाही. महिन्यातून दोनदा पाड्यावर येऊन मुलाचा गुडघा हातात घेऊन बघणाऱ्या माणसाची आहे. तालुक्याच्या पैशातून आधी तो माणूस नेमा, यंत्रं नंतर आणा, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी जिथे मिळेल तिथे सांगतो.

नाना चौदा महिन्यांनी पाईपांच्या बाहेर आले. हातात काठी, पायाला पट्टा. प्रकाशाला तापीकाठच्या पायऱ्यांपर्यंत मी त्यांना नेलं. तरुणपणी ते तिथे पोहायचे. पायऱ्या उतरायचं त्यांनी स्वतःच नाकारलं, काठावर उभे राहून हात जोडले. जोडले म्हणजे डाव्या हाताने उजवा छातीशी धरला. उजवा पंजा शेवटपर्यंत उघडला नाही. शब्दही थोडेच परतले. पण ते पुढे नऊ वर्षं जगले, आणि शेवटच्या आजारपणाचे दिवस सोडले, तर संडासला कुणाचा हात धरून गेले नाहीत. माय म्हणायची, एवढंच मागितलं होतं.

पाईपांना मी दरवर्षी दसऱ्याला रंग देतो. चुन्याची पावलं पावसात पुसली जातात, ती नव्याने काढतो. आजवर गल्लीतली आणि आसपासच्या गावांतली बरीच माणसं तिथे चालून गेली. सध्या पहाटे एक आजी येतात, आणि शाळा सुटल्यावर एक मुलगी. तुमच्या घरात कुणाच्या अंगावरून वारं गेलं असेल, तर आधी दवाखान्यात न्या, मग फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम लिहून घ्या, आणि तो कागद घेऊन या. अंगणाला फाटक नाही. खडे देवळीत आहेत.